साइडपट्टी

आठवीत शाळेतून मिळालेली सायकल, निळी.
चेनकव्हरवर योजनेचं नाव होतं,
माझ्या सलवारीनं ते घासून घासून नेलं.
मी आता सव्वीस. ती बारा-तेराची, पण म्हातारी.

टेंभरी ते आर्वी, साडेनऊ किलोमीटर.
सकाळी उत्तरेकडं जाते, संध्याकाळी दक्षिणेकडं येते,
म्हणून सावली दोन्ही वेळा डावीकडंच पडते,
रस्त्याखाली, साइडपट्टीवर, गोखरूच्या काट्यांतून
मुकाट चालत राहते.
रस्ता जसा तिच्या नावावरच नाही.

मधल्या वेळात मी लोकांची हाडं पाहते.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
दिवसातून तीस-चाळीसदा म्हणते,
आणि चढावर स्वतःलाही.

नवतप्यात खिशात कांदा, तोंडाला दुपट्टा,
हँडल असं तापतं की धरायला चिंधी लागते.
मोटारसायकलवरचे पोट्टे हळू होतात, सांगून जातात,
"गाडी घे न वं करुणाताई, पगार तं हाये!"
घेईन. पण गाडीवरून
धुऱ्यावरची बोर पिकली की नाही ते दिसत नाही,
आणि फाटकापाशी टिटवी माझ्यावर ओरडते तशी
गाडीवाल्यांवर ओरडत नाही. ओळख लागते त्याला.

परवा डबा उघडला तर भाकरीखाली नागपूरची बातमी.
शहरात सायकलींसाठी हिरवा पट्टा आखलाय.
फोटोत हेल्मेट घातलेले साहेब,
सायकली सगळ्या नव्या, एकीलाही कॅरिअर नाही.
खाली बारीक अक्षरात तक्रार:
पट्ट्यावर कार उभ्या राहतात.
ठेच्याचं तेल कागदावर पसरत त्या हिरव्यावरून गेलं.
तेवढंच काय ते त्या पट्ट्यावरून चाललेलं.

आमचा रस्ता गेल्या साली सिमेंटचा झाला.
झाला तो एक वीत वर उचलूनच झाला.
बाजूला मुरूम टाकायचा राहिला.
सरकीचा ट्रक मागून भोंगा वाजवतो तेव्हा
उतरायचं की पडायचं, एवढंच ठरवायला मिळतं.

मंगळवारी उरकुडाजी नेवारे आले, दूधवाले,
डावा हात उजव्या हातात धरून.
श्वास घ्या. रोखा.
पडद्यावर गळ्याजवळचं हाड, मधोमध पायरी.
एक टोक वर, एक खाली.
मी म्हटलं, "जुन्या रेल्वे फाटकापाशी?"
ते चमकले. "थे बी दिसते का वं याच्यात?"

दिसतं.

बोंदरे सरांकडं कबड्डीच्या मैदानाचा
अर्धं पोतं चुना उरला होता.
कशाला, असं त्यांनी विचारलं नाही.
चाळणीतून चाळून घ्यायला मात्र सांगितलं.

बुधवारी साडेचारला निघाले. दिवस उजाडायचा होता.
पोतं कॅरिअरला बांधलं, कोपऱ्याला बोटाएवढं भोक,
आणि रस्त्याच्या धारेधारेनं
हळू, इतकं हळू की तोल जावा,
फाटकाच्या अलीकडून पलीकडच्या नाल्यापर्यंत.
मागं वळून पाहायची हिंमत झाली नाही.
दवाखान्यात पोचले तेव्हा चपला पांढऱ्या,
सिस्टर म्हणाली, "रांगोळी घातली का गावभर?"

संध्याकाळी इजाजभाईच्या पंक्चरच्या दुकानात
त्याच रेषेवरून वाद चाललेला.
एक म्हणाला, सरकारी माप असंन, आता रोड रुंद होते.
दुसरा म्हणाला, केबलवाले.
तिसऱ्याच्या मते कोणी करणी केली.
इजाजभाई माझ्या मागच्या चाकात हवा भरत होता.
आऱ्यांवर चुना होता. त्यानं अंगठ्यानं पुसला,
अंगठा पाहिला, पँटीला पुसला.
"कोन्हं बी केली असो," तो म्हणाला,
"पन लाइन वाकडी हाये बाप्पा. एका जागी तं तुटली."

मी दोन रुपये काढून ठेवले.
वाकडी असणारच.
आणि तुटली आहे, तिथं ट्रक आला होता.